तापात शाळेत गेले होते

२००९च्या पावसाळ्यात माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. शाळा जिल्हा परिषदेची, हुपरीच्या अलीकडच्या एका लहान गावातली. चार वर्ग, चार शिक्षक. त्यांतले एक हेडमास्तर, तेच तिसरीला शिकवायचे. मी राहायला कळंब्याला. रोज स्टँडवर येऊन हुपरीची एसटी धरायची, फाट्यावर उतरायचं आणि दहा मिनिटं चालत शाळा गाठायची, असं सहा वर्षं चाललं होतं.

गावात निम्म्या घरांतनं चांदीचं काम चाले. हुपरीचे व्यापारी चांदी द्यायचे आणि घरातल्या बायका पैंजणाच्या कड्या जोडायच्या, घुंगरं लावायच्या. माझ्या वर्गातल्या पोरांची बोटंही काळपट असायची. वह्या तपासताना पानांच्या कडेला ते ठसे दिसायचे. सुरुवातीला मी रागवायचे. पुढं कळलं की शाळा सुटल्यावर थोडा वेळ आईला हातभार लावल्याशिवाय यांना खेळायला सोडत नाहीत. मग मी ठशांकडे बघायचं सोडून दिलं.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. तिचं नाव लिहीत नाही, ती आता मोठी बाई झाली असेल. अंगानं बारीक, दोन घट्ट वेण्या, अभ्यासात बेताची. पण गळा असा की प्रार्थना सुरू झाली की बाकीची पोरं आपोआप तिच्या मागनं जायची. पंधरा ऑगस्टला मी समूहगीत बसवत होते आणि पहिली ओळ तिला एकटीला दिली होती.

जुलै संपता संपता मी पुण्याला गेले, मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला. पुण्यात स्वाइन फ्लू असल्याचं पेपरात येत होतं. आम्हाला वाटायचं, ते परदेशातनं येणाऱ्या लोकांचं दुखणं. हॉलमध्ये दीडशे बायका, सगळ्यांशी गळाभेटी झाल्या, पंगती झाल्या. रविवारी मी परत आले. मंगळवारी सकाळी घसा धरला होता आणि अंग कोमट लागत होतं.

मिस्टर म्हणाले, "आजची रजा टाक."

"पंधरा ऑगस्ट तोंडावर आलाय," मी म्हणाले. "गाणं अजून कच्चं आहे."

तापाची गोळी घेतली आणि गेले. बुधवारी ताप जास्त होता. पुन्हा गोळी घेतली, पुन्हा गेले. हे दोन दिवस मला आजही तासातासानं आठवतात. बुधवारी मधल्या सुट्टीनंतर मी त्या मुलीला एकटीला समोर बसवलं. ओळीच्या मध्येच तिचा दम तुटत होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इथं श्वास घे. आता सोड. आता परत घे." आमचे गुडघे गुडघ्यांना लागलेले. मी खोकत होते, तोंडावर पदर धरत होते, पण गाताना तर पदर धरता येत नाही. तिनं ओळ बरोबर म्हटली तेव्हा मी तिच्या गालाला हात लावला. माझा हात तापलेला होता. ती म्हणाली, "बाई, तुमचा हात लई ऊन हाय."

गुरुवारी मला अंथरुणातनं उठता आलं नाही. शुक्रवारी श्वास घेताना छातीत दुखायला लागलं. आमच्या डॉक्टरांनी पुण्याला गेले होते का विचारलं, हो म्हटल्यावर ते दोन पावलं मागं सरकले आणि सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथं घशातला नमुना घेतला, तो पुण्याला पाठवला, आणि मला वेगळ्या वॉर्डात ठेवलं. गोळ्या सुरू झाल्या. तोंडावर मास्क, समोर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. नर्सबाई कोण, सफाईची बाई कोण, हे मी डोळ्यांवरनं आणि चपलांवरनं ओळखायला शिकले.

तिसऱ्या दिवशी मिस्टर खिडकीशी आले. बरंच इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "हेडमास्तरांचा फोन होता. तुझ्या वर्गातली एक मुलगी ॲडमिट आहे."

मी नाव विचारलं नाही. मला नाव माहीत होतं.

ती त्याच इमारतीत होती, लहान मुलांकडच्या बाजूला. नर्सबाईला मी रोज विचारायचे. पहिल्यांदा ती म्हणाली, "ऑक्सिजनवर हाय." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, तुमी आपलं जेवा बघू." पाचव्या दिवशी तिनं आपण होऊन सांगितलं, "नळी काढली. पेज प्याली." मी पांघरुणात तोंड घालून रडले. खोकल्यानं ते रडणंही धड होऊ दिलं नाही.

आठव्या दिवशी मला घरी सोडलं. ती आणखी दहा-अकरा दिवस तिथंच होती. तोवर शाळा बंद झाल्या होत्या. स्वातंत्र्यदिनाला शाळेत झेंडा लागला, शिक्षक तेवढे हजर होते. गाणं झालं नाही.

घरी आल्यावर मला सगळे एकच सांगायचे. मिस्टर, सासूबाई, फोनवरनं माहेरची माणसं. "साथच होती, त्यात तुझा काय दोष? तिला दुसरीकडनंही झालं असेल." त्यांच्या बोलण्यात माया होती, हे मला कळत होतं. पण ते वाक्य ऐकलं की मी मान हलवायचे आणि उठून आत जायचे.

रजा संपत आली तसं मला शाळेचं नाव नको झालं. मी ठरवलं, बदली मागायची. पन्हाळ्याकडं, गगनबावड्याकडं, कुठंही.

एका रविवारी दुपारी हेडमास्तर आले. दोन वर्षांनी निवृत्त होणार होते ते. उंच माणूस, आवाज मोठा, कुजबुज केली तरी शेजारच्या वर्गात ऐकू जायची. आमच्या दारात त्यांनी चप्पल काढली आणि आत न येता पायरीवरच बसले.

"आत या की, सर," मी म्हणाले. "आता मला काही नाही."

"तुमाला न्हाय वो. पर माझ्याकडनं तुमाला काय हुईल. चार गावची मानसं भेटतात मला."

सासूबाईंनी चहा दिला. त्यांनी बशीत ओतून घेतला आणि म्हणाले, "शाळा उघडली. तुमच्या वर्गात एकतीस पोरं. आली किती, ठावं हाय? नऊ."

"बाकीची?"

"घरात. आया सोडंनात. शाळेत बाई आजारी पडली, पोरगी आजारी पडली, म्हंजे रोग शाळेतच हाय म्हनत्यात. मी रोज चार घरं फिरतो. कापूर आन वेलदोड्याची पुरचुंडी पोरांच्या गळ्यात बांदत्यात, आन दार लावून बसत्यात."

मी म्हणाले, "सर, मला बदली पाहिजे."

त्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, हेही आता 'तुमचा काय दोष' म्हणणार. ते म्हणाले, "अर्ज लिवा की. पर शाळेत येऊन लिवा. मला सही कराय सोपं पडंल."

मग बराच वेळ पावसाबद्दल बोलले. उठताना पुन्हा म्हणाले, "पोरं इचारत्यात. त्यास्नी मी काय सांगू, ते तुमीच येऊन सांगा."

मी सोमवारी गेले नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी गेले.

शाळेत नळाच्या कोंडाळ्याशी तीन ठिकाणी साबण लटकवलेला होता. कांद्याच्या लाल जाळीच्या पिशव्या कापून त्यात वड्या घातलेल्या. ते हेडमास्तरांचं काम. खिचडी शिजवणाऱ्या मावशी हातात काठी घेऊन पोरांना रांगेत हात धुवायला लावत होत्या. खिडक्यांची बंद पडलेली दारं सुताराकडनं मोकळी करून घेतली होती. वर्गात ओळी लांब लांब टाकल्या होत्या, आणि त्यासाठी व्हरांडाही वापरात घेतला होता.

स्टाफरूममध्ये मात्र माझी खुर्ची खिडकीजवळ वेगळी ठेवलेली होती. पहिलीच्या बाईंनी माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं आणि आपला पाण्याचा तांब्या उचलून दुसरीकडं ठेवला. त्या माझ्या चांगल्या मैत्रीण होत्या. आठ-दहा दिवसांनी त्याच माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझं बाळ सात महिन्यांचं आहे गं. घरी गेल्यावर अंघोळ केल्याशिवाय सासूबाई त्याला माझ्या हातात देत नाहीत. तो रडत असतो आणि मी मोरीत." त्या दिवशी त्यांनीच डबा उघडून पहिली भाकरी मला दिली. पण पहिल्या दिवशीचा तो तांब्या मला लागला होता, हे खरं.

वर्गात शिरले तेव्हा तेरा पोरं होती. सगळी उठून उभी राहिली आणि तशीच राहिली. "बसा" म्हटलं तरी बसेनात. शेवटी पहिल्या ओळीतला एक जण म्हणाला, "बाई, तुमी मेला न्हवतासा?"

"नाही रे. का?"

"गावात म्हनत हुते बाई गेल्या म्हनून."

दुसरी एक म्हणाली, "म्या सांगितलं हुतं ह्यास्नी, सर म्हनलेत बाई येनार हाईत. पर ह्यो ऐकंना."

"मी मेले नाही," मी म्हणाले. "खूप आजारी होते. आता बरी आहे." मग सरांचं बोलणं आठवलं आणि मी खाली बसले, सतरंजीवर, त्यांच्यासमोर, पण लांब. म्हणाले, "काय काय ऐकलं ते मला सांगा. जे माहीत आहे ते मी सांगते."

त्या दिवशी पुस्तक उघडलं नाही. रोग हवेतनं येतो का, हात धुतल्यावर जातो का, डुकराला हात लावला तर होतो का, कोंबडी खाल्ली तर होतो का. एका मुलीनं विचारलं, "श्वास कोंडतो तवा कसं वाटतंय?" मी खरं सांगितलं, की भीती वाटते, आणि कुणी जवळ असलं की कमी वाटते. मग त्याच मुलीनं मान वळवून रिकाम्या जागेकडं बघितलं, तिसऱ्या ओळीत खिडकीकडची. "ती कदी येनार?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

हळूहळू पोरं यायला लागली. हेडमास्तरांबरोबर मीही घरोघरी फिरायला लागले. गावातल्या आरोग्यसेविका कधी सोबत असायच्या. "आमच्या दारात हात धुवा आदी," म्हणून काही आया पाणी ओतायच्या, आम्ही धुवायचो. गणपती येऊन गेले. दसऱ्यापर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस पोरं व्हायला लागली. त्या मुलीच्या गल्लीत मात्र मी गेले नव्हते. त्या गल्लीशी आलं की हेडमास्तर म्हणायचे, "हितं मी जाऊन येतो, तुमी फुडं व्हा." त्यांनी कधी आग्रह केला नाही. एवढंच सांगायचे, की ती घरी आहे, खाते-पिते, पण आई शाळेत धाडायला तयार नाही.

मी गेले ते एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गेलेच नसते.

दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची वसरी. वसरीत तिची आई कामाला बसली होती. समोर लाकडी पाट, त्यावर कड्यांचा ढीग, हातात चिमटा. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होते, ते पाळीला गेलेले. मला बघून तिनं हात थांबवला नाही.

"मी शाळेतल्या..."

"वळीखलं," ती म्हणाली.

मी उन्हात उभी राहिले. ती कड्या जोडत राहिली. चार-पाच कड्या झाल्यावर वर न बघता म्हणाली, "मंगळवारी ताप हुता न्हवं तुमास्नी?"

"होता."

"आन बुधवारी?"

"बुधवारीही होता. जास्त होता."

"मग कशाला आलासा?"

माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. तेव्हा कुणाला कल्पना नव्हती, साधा ताप वाटला, रजा शिल्लक नव्हत्या. दोन महिने मी ही वाक्यं मनात घोळवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"गाणं बसवायचं होतं," मी म्हणाले.

"गान्यापायी."

"हो. मी यायला नको होतं. चुकलं माझं."

तिनं चिमटा खाली ठेवला. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज तसाच खणखणीत.

"व्हय. चुकलंच तुमचं. समदी येत्यात आन म्हनत्यात, कुनाचा दोष न्हाय, देवाची मर्जी. मग माजी पोरगी आपसूकच पडली व्हय? सोळा दिस म्या दवाखान्यात भुईवर काढलं. तिच्या छातीकडं बघत बसायची, वर हुतीया का खाली हुतीया. मला कुनीतरी म्हनाय पायजे हुतं की चुकलं."

ती पदरानं नाक पुसत राहिली. आणि मला काय झालं सांगते, मला हलकं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खरं बोललं होतं. माझ्या मायेच्या माणसांना जे जमलं नव्हतं, ते त्या रागावलेल्या बाईनं एका वाक्यात केलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "उनात काय उभ्या ऱ्हायलासा? वसरीत बसा. आत न्हाय, हितंच."

मी बसले. तेवढ्यात आतनं ती आली. वेण्या नव्हत्या. दवाखान्यात केसांचा गुंता झाला म्हणून मानेवर कापून टाकले होते. चेहरा एवढासा झालेला. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून लगेच खाली बघायला लागली. मी विचारलं, कशी आहेस? "बरी हाय." जेवतेस का? "जेवतो." आमच्याकडं पोरीही 'जेवतो', 'येतो' म्हणतात. एवढं बोलून ती आत निघून गेली.

"अशीच करत्या," आई म्हणाली. "कुनी आलं की आत पळत्या. शाळेचं नाव काडलं की रडत्या. मी धाडत न्हाय म्हनून समदी मला बोलत्यात. पर तिलाच जायाचं न्हाय."

हे मला नवीन होतं. मी म्हणाले, "मी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास इथं येऊ का? पुस्तक घेऊन येईन. तिला वाटलं तर बसेल, नाही तर मी जाईन."

तिनं विचार केला. "तोंडाला रुमाल बांधून यायचं. आन जरा जरी खोकला आला तर यायचं न्हाय."

"नाही येणार."

"तुमचं एकदा बगितलंय म्या," ती म्हणाली, "म्हनून सांगायलोय."

सोमवारपासून मी जायला लागले. शाळेतनं निघायचं, वसरीत बसायचं, तोंडाला रुमाल. पहिले तीन दिवस ती आतच राहिली. मी मोठ्यानं धडा वाचायचे, आई कड्या जोडता जोडता ऐकायची आणि मधेच विचारायची, "मग फुडं काय झालं त्या म्हाताऱ्याचं?" चौथ्या दिवशी ती दारात येऊन बसली. पुढच्या आठवड्यात पाटाच्या पलीकडं. वाचायला लागली, पण एका वाक्यात दोनदा थांबायची. मी घाई करायचे नाही, ती थांबली की मीही थांबायचे. आम्हा दोघींनाही लांब वाक्यं झेपत नव्हती तेव्हा.

हेडमास्तरांच्या कानावर हे गेलं होतंच. एक दिवस त्यांनी मला काही न विचारता सहामाही परीक्षेच्या कोऱ्या प्रश्नपत्रिका हातात दिल्या. "तिची तोंडी घ्या. जमंल तेवडंच. मार्काचं मी बगतो."

दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. आई पाणी आणायला गेली होती. आम्ही गणितं करत होतो. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "बाई, माज्यामुळं तुमास्नी झालं न्हवं?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. "काय झालं?"

"रोग. मंगळवारी मला पडसं हुतं. मी शिंकलो हुतो, तुमच्या म्होरंच. शेजारची काकू म्हनली, तुज्यामुळं बाई आजारी पडल्या. मरता मरता वाचल्या म्हनली."

ही दहा वर्षांची मुलगी इतके दिवस दाराआड लपत होती ती माझ्या भीतीनं. माझ्यासमोर यायची तिला लाज वाटत होती. आणि मी तिच्या गल्लीत पाऊल टाकायला घाबरत होते.

"नाही गं," मी म्हणाले. "उलटं झालं. मी पुण्याला गेले होते, तिथनं मी घेऊन आले. मला ताप होता तरी मी शाळेत आले. माझ्यामुळं तुला झालं."

तिनं यावर नीट विचार केला. कपाळाला आठी घालून, गणित सोडवताना घालायची तशी.

"नक्की?"

"नक्की."

"आईला ठावं हाय?"

"आहे. मी सांगितलंय."

तिनं मोठा श्वास सोडला. "मग बरं," ती म्हणाली, आणि पेन्सिल उचलून पुढचं गणित करायला लागली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. रुमालाची अट आठवून मी जागची हलले नाही. आई घागर घेऊन दारात उभी होती. तिनं किती ऐकलं माहीत नाही. घागर आत ठेवून आली आणि पाटाशी बसत मला म्हणाली, "च्या टाकतो. रुमाल काडल्याबिगर कसा पिनार तुमी?"

मी रुमाल काढला.

सुट्टीनंतर ती शाळेत आली. पहिल्या दिवशी आईच्या हाताला धरून, फाटकापर्यंतच. हेडमास्तरांनी तोवर चौथीचा वर्ग हलवून ठेवला होता. आमची खोली पाच पायऱ्या चढून होती, ती तिसरीला दिली आणि आम्हाला फाटकाजवळची सपाट खोली. कुणाला कारण सांगितलं नाही. "त्या खोलीत उजेड जास्त हाय," म्हणाले. पहिल्या आठवड्यात ती दोनच तास बसायची, मग आई येऊन न्यायची. पोरांना मी आधी सांगून ठेवलं होतं, की तिला पळायला लावायचं नाही आणि केसांवरनं चिडवायचं नाही. केसांचं पोरांच्या लक्षातही राहिलं नाही. दप्तर कुणी उचलायचं यावरनं मात्र भांडणं झाली. शेवटी मी फळ्याच्या कोपऱ्यात वार आणि नावं लिहून दिली. आपला वार आला की ते पोर सकाळीच तिच्या दारात जाऊन उभं राहायचं.

तिचा गळा पहिल्यासारखा झाला नाही, निदान त्या वर्षी तरी नाही. प्रार्थनेला ती ओठ हलवायची. कुणी काही म्हणत नव्हतं. बदलीच्या अर्जाचं हेडमास्तरांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही तो लिहिला नाही. कधीतरी शनिवारी मी त्या वसरीत जायचे, आता कामाशिवायच. तिची आई मला कड्या जोडायला शिकवायची. मला ते काही जमलं नाही. "बाई, तुमचं हात निस्तं खडू धरायचं हाईत," असं म्हणून ती माझं काम उसवायची आणि परत करायची. तिच्या बोलण्याची धार गेली नव्हती. एकदा मी शिंकले तर म्हणाली, "उटा. उद्या येऊ नगासा." मी उठले.

मार्चच्या शेवटी, हंगामातल्या शेवटच्या गुऱ्हाळावर चौथीच्या वर्गाला घेऊन जायचं ठरलं. पुढच्या वर्षी ही पोरं पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार होती. गुऱ्हाळ गावापासून दीडेक किलोमीटर, उसाच्या रानातनं वाट. मी तिच्या आईला विचारायला गेले, की मोटरसायकलवरनं कुणी सोडेल का. आई म्हणाली, "तिलाच इचारा." ती म्हणाली, "चालत येतो की."

सकाळी निघालो. एकतीसच्या एकतीस पोरं, पुढं हेडमास्तर, डोक्याला टॉवेल गुंडाळून, मागं मी. ऊन चढायला लागलं होतं. तोडणी झालेल्या रानात पाचट जाळल्याचा वास होता आणि लांबनं काकवीचा वास यायला लागला तशी पोरं पळायला लागली. ती पळाली नाही. माझ्याबरोबर चालत होती. निम्म्या वाटेवर माझ्याच छातीत भरून आलं. दुखण्यानंतर मला ते अधूनमधून व्हायचं, पण शाळेत कुणाला कळू दिलं नव्हतं.

तिला कळलं. तिनं माझा हात धरला आणि बांधाकडं ओढलं.

"बाई, बसूया हितं. मलाबी धाप लागल्या."

मला तिची धाप ऐकू येत नव्हती. पण मी बसले. ती शेजारी बसली, अगदी चिकटून, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढं गेलेली पोरं मागं वळून बघत होती. हेडमास्तरांनी त्यांना थांबवलं आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात ओरडले, "घाई न्हाय! गुळाची काहील अजून उतरली न्हाय!"

"व्हय व्हय," ती ओरडली. आवाज पातळ होता, पण त्यांच्यापर्यंत गेला. मग ती मला म्हणाली, "सावकास या बाई. ते थांबत्यात."